आधी फेलोशिप, मग गाईड: राज्यातील गणित विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील अकृषी विद्यापीठांचे गणित विभागप्रमुख आणि
गणिताची संशोधन केंद्रे असलेल्या महाविद्यालयांचे प्राचार्य

स.न.वि.वि.

एम.एस्सी.चा शेवटचा निकाल लागला की विद्यार्थी विभागात येतो आणि विचारतो, "सर, पीएच.डी.साठी गाईड मिळेल का?" पैशाचा प्रश्न तो काढत नाही, आपणही काढत नाही. पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा होते, मुलाखत होते, रजिस्ट्रेशन होते. सहा महिन्यांनी हाच विद्यार्थी तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवत असतो, एसटीत पेपर तपासत असतो, आणि ज्या विषयावर संशोधन करायचे त्याचे पहिले पुस्तकही निम्मे राहिलेले असते. आमची मागणी एवढीच आहे की हा क्रम उलटा व्हावा. आधी फेलोशिपचे, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या पैशाचे बघावे, मग गाईड. आणि फेलोशिप मिळवणे ही विद्यार्थ्याची घरगुती अडचण न मानता विभागाच्या कामाचा भाग मानावा.

रक्कम किती मोठी आहे ते आधी पाहू. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ) मिळवणाऱ्याला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षे सीनिअर रिसर्च फेलो (एसआरएफ) म्हणून दरमहा ४२,००० रुपये मिळतात. दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार आणि तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार, म्हणजे पाच वर्षांचे बरोबर २४ लाख. घरभाडे भत्ता आणि पुस्तके-प्रवासासाठीचा आकस्मिक निधी त्याशिवाय. एखाद्या मुलीला कोणत्या परीक्षेचा अर्ज कधी भरायचा हे वेळेवर कळले नाही, तर तिचे होणारे नुकसान या आकड्याचे असते.

गणिताच्या बाबतीत ही गोष्ट इतर विज्ञानशाखांपेक्षा जास्त गंभीर आहे, आणि तिचे कारण प्रशासनाला सहसा ठाऊक नसते. रसायनशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या गाईडकडे प्रकल्प असतो, प्रकल्पात प्रोजेक्ट फेलोचे पद असते, आणि नेट न झालेल्या विद्यार्थ्यालाही त्या पदावर तीन वर्षे काढता येतात. गणिताला उपकरणे लागत नाहीत, रसायने लागत नाहीत, म्हणून गणिताचे प्रकल्पही लहान असतात. गणितज्ञांसाठी आखलेली 'मॅट्रिक्स' ही योजनाच घ्या. संशोधनाला निधी देणाऱ्या एसईआरबी या पूर्वीच्या केंद्रीय मंडळाची ही योजना आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे. तिच्यात गाईडला वर्षाला २ लाख रुपये मिळतात, तीन वर्षे. एका जेआरएफचा वर्षाचा स्टायपेंडच ४ लाख ४४ हजार होतो. मोठ्या केंद्रीय प्रकल्पांत पदे असतात, पण राज्य विद्यापीठातल्या किंवा महाविद्यालयातल्या गणिताच्या किती गाईडांकडे असा प्रकल्प आहे, ते आपण जाणताच. तेव्हा गणिताच्या विद्यार्थ्याला पैसा स्वतःच्या नावावरच आणावा लागतो. गाईड कितीही मोठा असला तरी तो हा पैसा देऊ शकत नाही, आणि हे विद्यार्थ्याला एम.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात सांगायला हवे.

दुसरा गोंधळ शब्दांचा आहे. "नेट-सेट झाले" असे आपण एका दमात म्हणतो. सेट ही सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षा आहे. तिच्यातून फेलोशिपचा एक रुपयाही मिळत नाही. पेट फक्त प्रवेश देते. नेटमध्येही २०२४ पासून तीन गट झाले आहेत. पहिल्या गटात जेआरएफ, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश हे तिन्ही मिळते. दुसऱ्या गटात पात्रता आणि प्रवेश मिळतो. तिसऱ्यात केवळ प्रवेश. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी प्रवेशाच्या वेळी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. तिसऱ्या गटातल्या मुलाच्या घरी पेढे वाटले जातात, आणि पैसे मिळणार नाहीत हे त्याला विभागात आल्यावर समजते. केंद्रीय विद्यापीठांत नेट-जेआरएफ नसलेल्यांना यूजीसीकडून दरमहा ८,००० रुपये तरी मिळतात. राज्य विद्यापीठांना ती योजना लागू नाही.

आता परीक्षेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या अध्यापनाचा तिच्याशी थेट संबंध आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटचा गणितीय विज्ञानाचा पेपर २०० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. भाग 'अ'मध्ये २० पैकी १५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भाग 'ब'मध्ये ४० पैकी २५, प्रत्येकी ३ गुण. भाग 'क'मध्ये ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५ गुण. पहिल्या दोन भागांत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो, 'क'मध्ये काही कापले जात नाही. पण 'क'मध्ये एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर पर्याय ओळखले तरच गुण मिळतात. तीन बरोबर पर्यायांपैकी दोन लिहिले तर शून्य. एकूण २०० पैकी ९५ गुण या भागाचे आहेत आणि आपले विद्यार्थी इथेच अडकतात.

ते अडकतात कारण आपल्या सत्रपरीक्षेत "सिद्ध करा" असा प्रश्न येतो आणि वहीतली सिद्धता पाठ करून तो सुटतो. 'क' भागात विधान खरे आहे की खोटे ते आधी ठरवावे लागते, आणि खोटे असेल तर डोळ्यांसमोर प्रतिउदाहरण यावे लागते. (०, १) वर कंटिन्युअस आणि बाउंडेड असलेले फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतेच का? साइन (१/क्ष) आठवले तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळते, नाही आठवले तर पाच मिनिटे जातात. वर्ग शून्य असलेल्या ४ × ४ मॅट्रिक्सची रँक जास्तीत जास्त किती? दोन. इमेज ही कर्नलच्या आत बसते, म्हणून. हे ज्याला दिसते त्याला जॉर्डन फॉर्म मांडत बसावे लागत नाही. लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल अॅनालिसिस हे अभ्यासक्रमाच्या पहिल्या घटकात आहेत आणि ते सर्वांसाठी आहेत. आपल्याकडे यांचा मोठा भाग बी.एस्सी.त किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात उरकतो आणि परीक्षेपर्यंत विसरला जातो. आठवड्याला एक तास फक्त प्रतिउदाहरणांसाठी ठेवावा, आणि दुसऱ्या वर्षालाही ठेवावा. त्याला नवा पेपर लागत नाही, अभ्यासमंडळाची मंजुरी लागत नाही. भाग 'अ' शालेय अंकगणित आणि तर्काचा आहे, त्याचे ३० गुण गणिताच्या मुलांनी आळसाने सोडू नयेत, हेही एकदा ठणकावून सांगावे.

एम.एस्सी. चालू असतानाच 'निकाल प्रतीक्षेत' या सवलतीखाली अर्ज करता येतो. त्यासाठीच्या प्रमाणपत्रावर विभागप्रमुखांची किंवा प्राचार्यांची सही-शिक्का लागतो. ही सही त्याच दिवशी मिळावी. अर्जाच्या शेवटच्या दोन दिवसांत विभागप्रमुख बाहेरगावी असतील तर कोण सही करणार, हे आधी ठरवून ठेवावे.

नेटवर एकट्यावर भिस्त ठेवू नये. जून २०२४ च्या सीएसआयआर नेटची परीक्षा चार दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली आणि २५ ते २७ जुलैला झाली. तोवर बऱ्याच ठिकाणच्या प्रवेशांच्या तारखा निघून जातात. म्हणून बाकीचे दरवाजेही ठोठवायला लावावेत. गेट या राष्ट्रीय पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा गणिताचा पेपर फेब्रुवारीत असतो, गुण तीन वर्षे चालतात, आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच तो देता येतो. आयआयटींत गेटच्या आधारे प्रवेश मिळाला तर टीचिंग असिस्टंटशिप मिळते, म्हणजे आठवड्याला काही तास ट्युटोरियल आणि पेपर तपासणी करून जेआरएफइतकाच स्टायपेंड. अणुऊर्जा विभागाखालचे राष्ट्रीय उच्च गणित मंडळ, म्हणजे एनबीएचएम, १९८३ पासून फक्त गणितासाठी काम करते आणि लेखी परीक्षा व मुलाखतीतून पीएच.डी.ची शिष्यवृत्ती देते. या परीक्षेचे स्वरूप नेटपेक्षा वेगळे आहे. तिथे लहान उत्तरांचे पण विचार करायला लावणारे प्रश्न असतात. एम.एस्सी.साठीही एनबीएचएमची शिष्यवृत्ती आहे, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना तिचे नावही माहीत नसते. टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी, आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची वेगळी. टीआयएफआरचा अर्ज दिवाळीच्या आसपास भरावा लागतो, म्हणजे ज्या काळात आपल्याकडे सत्रपरीक्षा चालू असतात आणि कोणाचे लक्ष नसते.

इन्स्पायर फेलोशिपबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण ती पूर्णपणे आपल्या हातून निसटते. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना एम.एस्सी.ला विद्यापीठात विषयात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. तिला नेट लागत नाही. दर जेआरएफचेच. लागते ते विद्यापीठाचे रँक प्रमाणपत्र, परीक्षा नियंत्रक किंवा कुलसचिव यांच्या सहीचे. आणि अडते तिथेच. पुनर्मूल्यांकनाचे निकाल लागेपर्यंत गुणवत्ता यादी जाहीर होत नाही, यादी झाली तरी प्रमाणपत्र पदवीदान समारंभापर्यंत मिळत नाही, आणि समारंभ होईपर्यंत अर्जाची मुदत संपते. महाविद्यालयात पहिला आलेला विद्यार्थी "कॉलेज फर्स्ट"चे पत्र जोडतो आणि अर्ज बाद होतो. विभागप्रमुखांनी निकालाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागाला लेखी पत्र देऊन गणिताच्या पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र मागितले आणि त्याचा पाठपुरावा केला, तर एक विद्यार्थी दरवर्षी मार्गी लागू शकतो. आणखी एक गट आहे. बारावीनंतर मूलभूत विज्ञानाला जाऊन ज्यांना वर्षाला ८०,००० रुपयांची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत होती, ते एम.एस्सी.त किमान ७० टक्के मिळवून याच फेलोशिपला अर्ज करू शकतात. एम.एस्सी.च्या प्रवेश अर्जात "इन्स्पायर शिष्यवृत्ती होती का?" असा एक रकाना वाढवावा.

प्रवर्गांच्या फेलोशिपमध्ये चूक बहुतेक वेळा कागदाची होते. अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय फेलोशिपच्या वर्षाला २,००० जागा आहेत, त्यातल्या ५०० विज्ञानशाखांसाठी. ओबीसींच्या १,००० पैकी २५०. दोन्हींची निवड नेटच्या गुणांवरून होते, म्हणजे जेआरएफ थोडक्यात हुकलेल्याला इथे संधी असते. मात्र ओबीसी प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात लागते, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या नमुन्यातले नॉन-क्रिमीलेअर जोडून अर्ज बाद झाल्याची उदाहरणे दर फेरीत असतात. तहसील कार्यालयातून नवा दाखला यायला वेळ लागतो, म्हणून तो जाहिरातीची वाट न पाहता काढून ठेवायला सांगावे. एकुलत्या एक मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. तिला नेटची अट नाही, पूर्णवेळ पीएच.डी.ची नोंदणी आणि प्रतिज्ञापत्र लागते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली आहे. जुन्या माहितीपत्रकांवर तिचे नाव अजून असेल तर ते काढावे, मुले आशेने वाट बघत राहतात.

राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या संस्थांनी अनेकांचे संशोधन उभे केले आहे, यात शंका नाही. पण या फेलोशिप पीएच.डी.ची नोंदणी झाल्यानंतर मिळतात, आणि जाहिरात कधी येईल, जागा किती असतील, रक्कम कोणत्या तारखेपासून धरली जाईल, हे आधी सांगता येत नाही. २४ डिसेंबर २०२३ ला घेतलेली सामाईक चाळणी परीक्षा १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घ्यावी लागली. दरम्यान मुले नोंदणी करून बसलेली असतात. तेव्हा विद्यार्थ्याला "नोंदणी कर, सारथीचे होईल" असे आश्वासन कोणत्याही गाईडने देऊ नये. ही फेलोशिप मिळाली तर उत्तम, पण पहिल्या वर्षाचा खर्च तिच्या भरवशावर मांडू नये.

आता फेलोशिप मिळाल्यानंतरचे. जेआरएफधारकाला पेटमधून सूट असते, पण आपल्याकडे त्याला पेटच्याच फेरीसाठी थांबवले जाते, मग आरआरसीच्या, म्हणजे संशोधन व मान्यता समितीच्या बैठकीसाठी. तिकडे फेलोशिपच्या अवॉर्ड लेटरची मुदत चालूच असते. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. या जागा पेटमधून आलेल्यांनी भरल्या की जून-जुलैत अवॉर्ड लेटर घेऊन आलेला जेआरएफ परत जातो. प्रत्येक संशोधन केंद्राने किमान एक जागा वर्षभर जेआरएफधारकासाठी मोकळी ठेवावी आणि आरआरसी तीन महिन्यांतून एकदा तरी घ्यावी, अशी आमची ठाम विनंती आहे.

यूजीसीची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येते. पण त्यासाठी दर महिन्याला महाविद्यालयातला 'मेकर' उपस्थितीची नोंद करतो आणि 'चेकर' तिला मान्यता देतो. एक जण रजेवर गेला की त्या महिन्याचा पैसा थांबतो. मेकर असलेले लिपिक निवृत्त झाले आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, की तीन-चार महिने जातात, आणि विद्यार्थी मात्र दिल्लीला फोन लावत बसतो. दोन्ही कामांसाठी एकेक पर्यायी माणूस नेमून ठेवावा. घरभाडे भत्त्यासाठी वसतिगृह उपलब्ध नसल्याचा दाखला लागतो, तो मागितल्यावर लगेच द्यावा.

दोन वर्षे पूर्ण झाल्यावर एसआरएफ आपोआप मिळत नाही. गाईड, विभागप्रमुख आणि बाहेरचा तज्ज्ञ यांची समिती काम पाहते आणि शिफारस करते. ही बैठक लांबली की महिन्याला ५,००० रुपये अडकतात. बाविसाव्या महिन्यात बाहेरच्या तज्ज्ञाला पत्र गेले पाहिजे. याच काळात जेआरएफधारकाला तासिका तत्त्वावरचे काम देऊ नये. नियमात ते बसत नाही, आणि तपासणीत निघाले तर वसुली विद्यार्थ्याकडून होते, काम देणाऱ्याकडून नाही.

एक अवघड गोष्टही लिहायला हवी. विभागातला सर्वांत चांगला विद्यार्थी आपल्याकडेच राहावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पवईची आयआयटी, पुण्याचे आयसर, कुलाब्याचे टीआयएफआर इथे प्रवेशाबरोबरच स्टायपेंड येतो, वसतिगृह असते, शेजारी त्याच विषयावर काम करणारे दहा जण असतात. २०१८ साली सुरू झालेली पंतप्रधान संशोधन फेलोशिप पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ७०,००० आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी ८०,००० अशा दराची होती, आणि ती निवडक संस्थांपुरतीच होती. या वाटा बी.एस्सी.पासून सुरू होतात. सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून चालणारी माधव गणित स्पर्धा, १९९३ पासूनची एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाची उन्हाळी शिबिरे, यांत मुले पाठवावीत. आणि जे आपल्याकडेच पीएच.डी. करतील त्यांना पवईच्या राष्ट्रीय गणित केंद्राच्या अॅन्युअल फाउंडेशन स्कूल या प्रशिक्षण शिबिराला जाऊ द्यावे. तिथला प्रवास आणि राहणे यांचा खर्च केंद्र करते. विद्यार्थ्याला आपल्याकडून फक्त ना-हरकत पत्र आणि तीन-चार आठवड्यांची रजा हवी असते.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत गणिताची पीएच.डी. सहसा टीचिंग असिस्टंटशिपवर होते, शुल्क माफ आणि वर स्टायपेंड. स्टायपेंड नसलेला पीएच.डी. प्रवेश कर्ज काढून घेऊ नये. अर्ज डिसेंबर-जानेवारीत असतात आणि तीन शिफारसपत्रे लागतात. तिथे "विद्यार्थी होतकरू, शिस्तप्रिय व नम्र आहे" या पत्राचा काही उपयोग होत नाही. आपण त्याला कोणते दोन पेपर शिकवले, ६० जणांत तो कितवा, त्याने सेमिनारमध्ये कोणते प्रमेय मांडले आणि कोणत्या प्रश्नाला स्वतः उत्तर काढले, हे लिहावे. ट्रान्सक्रिप्टसाठी परीक्षा विभागाकडे ऑक्टोबरातच अर्ज करायला लावावा.

हे सगळे सांभाळायला प्रत्येक विभागात एका शिक्षकाचे नाव ठरवून ते फलकावर लावावे, आणि त्या शिक्षकाच्या कार्यभारात हे काम मोजावे. गेटची नोंदणी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांना आणि टी.वाय.बी.एस्सी.ला एकत्र बसवून तासाभराची बैठक त्याआधी घ्यावी, आणि परीक्षांच्या तारखा, लागणारी प्रमाणपत्रे व सही कोणाची लागेल हे एका पानावर लिहून प्रत्येकाच्या हातात द्यावे. असे पान तयार करायला आम्ही कोणत्याही विभागात येऊ.

आपले,
एम.एस्सी.ला गणित शिकवणारे आणि पीएच.डी.चे मार्गदर्शन करणारे काही शिक्षक